अठ्ठ्याहत्तरच्या खाली

४ जानेवारी

चि. चिमटीस,

सात वर्षांच्या अबोल्यानंतर पत्राची सुरुवात कशी करावी, याचा नियम मला कुठल्याही व्याकरणात सापडला नाही. 'चि.' लिहिताना पेन थबकलं. एरवी आपण हे अक्षर सवयीने खरडतो, 'चिरंजीव' हा अर्थ कोण बघतो! या वेळी अर्थ बघून लिहिलं आहे.

तुझ्या दोन्ही मूत्रपिंडांनी राजीनामा दिल्याचं तुझ्या यजमानांनी माझ्या बायकोला सांगितलं आणि तिने मला. तुझ्या यजमानांना साखरेचा आजार, म्हणून ते बाद. तुझी मुलगी लहान. उरलो मी. रक्तगट जुळला, पुढच्या तपासण्याही जुळल्या. आपलं उभ्या जन्मात एका गोष्टीवर एकमत झालं नाही, पण आपल्या पेशी म्हणे अगदी सख्ख्या भावंडांसारख्या वागल्या.

अडलं ते वजनावर. मी त्र्याण्णव किलो आहे. इथल्या मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणतात, दाता अठ्ठ्याहत्तरच्या खाली हवा, नाहीतर त्याच्याच जिवाला धोका. तुला हॉस्पिटलचं पत्र येईलच: 'दाता तूर्त अयोग्य, कारण अतिरिक्त वजन.' छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासून, म्हणजे सव्वीस वर्षं एका खुर्चीत बसून जे कमावलं, ते असं आडवं आलं. मनापासून वाईट वाटतं. दुसरा कुणी दाता मिळतो का, हे बघायला लागावं, असं मला वाटतं.

तुझा,
दादा


२१ जानेवारी

चि. चिमटीस,

तुझं उत्तर मिळालं. 'दादा, पंधरा किलो कमी कर. मी थांबते. आठवड्यातून तीन दिवस मशीनला जोडलेलीच असते, वेळेची टंचाई नाही.' सात वर्षांत तुझी शैली फार आटोपशीर झाली. शिवणकामात कापड वाचवायची सवय लागते, ती भाषेत उतरली असावी.

'मी थांबते' हे वाचून मी मटकन खाली बसलो आणि खुर्ची करकरली. तुझ्या वहिनीने पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. आमच्याकडे पत्रव्यवहार गोपनीय नसतो. ती म्हणाली, "पंधराच ना? होतील की." जणू पंधरा लिंबं आणायची होती.

त्या दिवसापासून घरात तिचं राज्य आहे. बिस्किटांचा डबा शेजाऱ्यांना दान झाला. साखर सगळ्यात वरच्या फळीवर गेली, आणि मला स्टुलावर चढायची चोरी, कारण स्टूल बोलतं. ताटाच्या जागी बशी आली. मी म्हणालो, "अगं, बशीत भात वाढतात होय?" तर म्हणते, "अहो, तुमच्या बहिणीला मोजून पेलाभर पाणी मिळतं दिवसाला. बशीचं कौतुक नका सांगू."

मी बशी पुसून खाल्ली.

हॉस्पिटलने मला एका आहारतज्ज्ञ मुलीच्या हवाली केलं आहे. दर महिन्याला तिच्यापुढे काट्यावर उभं राहायचं, ती आकडा लिहिणार, आकडा तुझ्या फायलीत जाणार. मनातल्या मनात मी तिला तराजूबाई म्हणतो. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "काका, ऑफिसात जिना वापरता का?" म्हटलं, "उतरताना." ती हसली नाही. वहीत तसंच लिहून घेतलं.

तेव्हा प्रयत्न चालू आहेत. पण चोपन्नाव्या वर्षी देह ऐकतोच असं नाही, हे तू मनाशी धरून ठेव.

दादा


२४ फेब्रुवारी

चि. चिमटीस,

एक्क्याण्णव. दोन किलो गेले. तू लिहितेस, 'माझं सगळं वजन पाणी आहे. मशीनवरून उतरले की अडीच किलो कमी. म्हणजे तुझ्यापेक्षा माझा वेग चांगला.' असले विनोद करू नयेस. ते माझं खातं आहे.

दिनक्रम सांगतो. सकाळी चाळीस मिनिटं चालणं. आधी वहिनी बरोबर येई, ती पुढे आणि मी मागे. आता मी पुढे असतो. संध्याकाळी दोन थांबे आधी उतरून पायी घरी. दुपारी छापखान्यातली मंडळी तळलेलं काही मागवतात तेव्हा मी काकडी काढतो. आमचा मुख्य जुळारी, आता तो संगणकावर मजकूर जुळवतो, म्हणतो, "पंडित, ससा पाळलात की स्वतःच झालात?"

एक गोष्ट तुला सांगावी की नाही, कळत नाही. मला बरं वाटतं आहे. परवा बुटाची नाडी श्वास न कोंडता बांधली. वाकल्यावर आपले पाय आपल्यालाच दिसले, दहाएक वर्षांनी भेट झाली असेल. गुडघे बोलायचे थांबले आहेत. झोप लागते. तुझ्या आजारपणात मला बरं वाटावं, यात काहीतरी अशोभनीय आहे, पण आहे ते आहे.

दादा


६ एप्रिल

चि. चिमटीस,

मार्चमध्ये नव्वद. काल पुन्हा एकोणनव्वदच्या वर. मी काय करू? तराजूबाई म्हणते, अशी वेळ येते, वजन काही काळ एका जागी बसून राहतं, त्याला पठार म्हणतात. तेव्हा तुझा भाऊ सध्या पठारावर आहे. दृश्य फारसं नाही.

ती बिचारी गोंधळली आहे. माझ्याकडे बघते, आकड्याकडे बघते. "काका, चेहरा तर उतरलाय तुमचा." म्हटलं, "चेहऱ्याचं वजन ते किती असणार?" चाळीस मिनिटांचा आता तास झाला आहे, भात दोन चमच्यांवर आला आहे, तरी काटा ढिम्म. त्यात कंबरेचं जुनं दुखणं पुन्हा डोकावतं आहे. कंबरदुखीचा तो पट्टा परत बांधायला लागलो आहे.

वहिनीला घरी काटा आणायचा होता. मी नको म्हटलं. दोन काटे कधी एकमताने बोलत नाहीत, आणि घरात आधीच मतभेद पुष्कळ.

तुझ्या यजमानांनी कळवलं की मागच्या आठवड्यात मशीनवर असताना तुझा रक्तदाब फार खाली गेला होता, शुद्ध गेली होती. तू हे लिहिलं नाहीस. मी वजनाचं इतकं पाल्हाळ लावतो आणि तू एवढी मोठी गोष्ट गाळतेस. मुद्रितशोधकाला गाळलेला मजकूर लगेच दिसतो.

दादा


२८ एप्रिल

चि. चिमटीस,

घाईत लिहितो आहे. तुझ्या वहिनीने मला न विचारता माझ्या दोन पँटी पार्सलने तुझ्याकडे कंबरेत घालायला पाठवल्या आहेत, सोबत नवं माप. म्हणते, "इथला शिंपी वाट लावतो, आणि तुम्हा दोघांत निदान कापडाचं तरी जाणंयेणं होऊ दे." तिचा हेतू चांगला आहे. पण माप चुकलं आहे. आमची टेप जुनी आहे, ताणली गेली आहे, आणि ताणलेली टेप माप कमी दाखवते, हे तुला मी सांगायला नको. पँटी तशाच परत पाठव. तुला बसून शिवण्याचा त्रास नको.

दादा


१२ मे

चि. चिमटीस,

पार्सल परत आलं. दोन्ही पँटी अशा बसल्या की जणू अंगावरच शिवल्या. आणि खिशात तुझी चिठ्ठी:

'दादा, टेप ताणते ती अर्धा इंच. पाच इंच ताणायला रबराची लागते. आणि टेपेचं सोड. जुन्या कंबरपट्टीवर तू पट्टा आवळून आवळून ज्या चुण्या पाडल्यास त्या मला दिसतात. कापड खोटं बोलत नाही. बेचाळीसची कंबर सदतीस झाली, आणि हॉस्पिटलच्या कागदावर चार किलोसुद्धा पुरते कमी नाहीत. अठ्ठावीस वर्षं माणसांची मापं घेते मी. वजन कुठे ठेवलंयस?'

चिठ्ठी वहिनीच्या हाती आधी लागली. तिने ती मला वाचून दाखवली, शेवटचा प्रश्न दोनदा. मग म्हणाली, "अहो, मीही तेच विचारते."

आता मजकूर न गाळता लिहितो.

वजन पट्ट्यात ठेवलं होतं. कंबरदुखीच्या. आमच्या छापखान्यात जुनं खिळे जुळवायचं खातं बंद होऊन वर्षं झाली, पण अक्षरांचे शिशाचे खिळे आणि ओळींमध्ये घालायच्या पट्ट्या अजून पेट्यांत पडून आहेत. शिसं आकाराने लहान आणि वजनाने दांडगं. मार्चमध्ये मी खरा सत्त्याऐंशीवर आलो होतो. तीन किलो शिसं पट्ट्याच्या आतल्या बाजूला कप्पे शिवून भरलं. एप्रिलमध्ये साडेसहा. टाके वाकडे आले, धावदोरा तूच शिकवला होतास, त्यात तुझा दोष नाही. अंगावरून कोट उतरवायला लावणारी तराजूबाई आजाऱ्याच्या पट्ट्याला हात लावत नाही, हे मी हेरून ठेवलं होतं. परवा होणाऱ्या मे महिन्याच्या फेरीसाठी आठ किलोंची तयारी होती. जगात माणसं काट्यावर चढताना चपला काढतात, श्वास रोखतात. उलट दिशेने लबाडी करणारा मी पहिलाच असेन.

का, ते जानेवारीपासून सांगतो. तपासण्या जुळल्यावर त्या डॉक्टरांनी मला एका खोलीत नेलं. वहिनीला बाहेर बसवलं. दार लावून ते म्हणाले, "हे मी प्रत्येक दात्याला एकट्याला विचारतो. तुमची स्वतःची इच्छा आहे का? नसेल तर एवढंच सांगा. आम्ही घरच्यांना 'दाता अयोग्य' इतकंच कळवतो. का, ते कधीच सांगत नाही. तुमच्या बायकोलाही नाही."

भला माणूस. रोज अशी दारं उघडून देत असणार. भिंतीवर शरीराच्या आतल्या बाजूचं रंगीत चित्र होतं, त्यातला तो घेवड्याच्या दाण्यासारखा अवयव मी बघत होतो आणि माझ्या कंबरेत गार पडत होतं. मी म्हणालो, "वजनाचं काय? वजन जास्त आहे ना माझं?" ते म्हणाले, "हो, ते तर आहेच. पण ते कमी करता येतं." मी म्हणालो, "मग कारण म्हणून वजन लिहा."

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "नुसतं अयोग्य लिहिलं तर कुणी विचारत नाही, साहेब." मी म्हणालो, "नाही, कारण लिहा."

माझी खोड बघ. नुसतं 'अयोग्य' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता, तू आयुष्यभर माझ्या प्रकृतीची काळजी केली असतीस. पण मला खरं कारण हवं होतं. दाखवता येईल असं, छापील. त्र्याण्णव खोटं नव्हतं. न्यायशास्त्रात अशा गोष्टीला हेत्वाभास म्हणतात: दिसायला कारण, असायला नाही. शिकलो होतो तेव्हा परीक्षेत पैकीच्या पैकी गुण पडले होते.

आईच्या शेवटच्या दिवशी तू मला काय म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही. नऊ वर्षं ती अंथरुणावर, नऊ वर्षं तू तिची कूस बदललीस. मला पहिल्या वर्षी कायद्याच्या ग्रंथांची छपाई होती, मग बदली, मग मुलाची परीक्षा, मग कंबर. पट्टा तेव्हाचाच. कंबर खरोखर धरली होती, चिमटी. डॉक्टरचा कागद होता. मी तो कागद तुझ्यापुढे धरला आणि तू म्हणालीस, "दादा, तुझ्याकडे नेहमी कारण असतं आणि ते नेहमी खरं असतं. म्हणून तुझ्याशी भांडतासुद्धा येत नाही." मग सात वर्षं भांडली नाहीसच.

मी भ्यालो होतो, एवढंच. मला कुणी कापू नये असं वाटतं. भूल उतरलीच नाही तर, दुसरं उद्या निकामी झालं तर, आणि त्याहून हलकट म्हणजे, बरी झाल्यावर तू माझ्याशी नीट वागलीच नाहीस तर. हे सगळं जानेवारीत चार ओळींत लिहिता आलं असतं. तू चार महिने मशीनवर काढलेस, माझा आकडा उतरायची वाट बघत. मी चार महिने सकाळच्या उन्हात चालून आलो आणि काकडी खाल्ली.

वहिनी माझ्याशी बोलत नाही. बशीतला भात मात्र मोजून दोन चमचे येतो, त्यात राग नाही.

दादा


३१ मे

चि. चिमटीस,

तुझं पत्र सोमवारी आलं. तुझ्या मानाने लांब, अकरा ओळी. मला पाठ झालं आहे, त्यामुळे पाठांतराचा गर्व असलेल्या माणसाला ही शिक्षाही बरोबर मिळाली.

'दादा, खरं लिहिलंस म्हणून बरं वाटेल असं तुला वाटलं असेल, तर नाही वाटलं. मी हॉस्पिटलला कळवलं आहे की मला तुझं नको. यादीत नाव घातलं आहे, मिळालं तर परक्याचं मिळेल. परक्याला मी देणं लागत नाही आणि तो मला कारण सांगत नाही. तुझं एक कारण पोटात घेऊन मला जन्मभर फिरायचं नाही. चालणं सोडू नकोस. वहिनींनी कष्ट घेतलेत.'

मे महिन्याची फेरी मी चुकवली होती, ती करायला बुधवारी हॉस्पिटलात गेलो. पट्ट्याशिवाय. अंगातला एकेक किलो माझा. काट्याने सत्त्याहत्तर दाखवलं.

तराजूबाई उडाली. "काका! दीड महिन्यात बारा किलो? असं होत नाही!" मी पिशवीतून पट्टा काढून तिच्या टेबलावर ठेवला. तिने एका हाताने उचलायला बघितला, मग दोन हातांनी. कप्प्यातून एक खिळा निसटून फरशीवर पडला. तिने तो उचलून उजेडात धरला, त्यावरचं उलटं अक्षर वाचायचा प्रयत्न केला. मी पोटात तयार ठेवलेले तिन्ही विनोद तिथेच राहिले.

"मी दर महिन्याला त्यांच्या फायलीत तुमचा आकडा लिहीत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. तुमच्यासाठी मी मोठ्या बाईंना विचारून आले होते दोनदा."

मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही." पुढे 'माफ करा' म्हणायचं होतं. ते म्हणालो की नाही, आठवत नाही.

मग ती खोली. दार लावलं. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बहिणीचा नकार आलाय. आता तुम्हाला काही करायची गरज नाही." मी म्हणालो, "कागद द्या." ते म्हणाले, "त्या घेणार नाहीत." मी म्हणालो, "देणारा तयार आहे, असं लिहिलेलं असू द्या." त्यांनी कागद दिला, मी सही केली. दर तीन महिन्यांनी वजन आणि तपासण्या करायच्या, अठ्ठ्याहत्तरच्या खाली आहे तोवर संमती ग्राह्य. पुढची फेरी ऑगस्टच्या शेवटाला.

आता तू जो प्रश्न विचारणार नाहीस, तो मीच विचारतो. नकार सोमवारी आला आणि सही बुधवारी झाली. तू घेणार नाहीस हे माहीत असताना द्यायला काय जातं? हेच ना? तर हो, मला माहीत होतं. सही करताना हात कापला नाही, यावरूनच मला संशय आला. जानेवारीत नुसत्या प्रश्नाने कंबरेत गार पडलं होतं. बुधवारी पेन अगदी सुरळीत चाललं. अक्षर सुंदर आलं आहे.

बाहेर पडलो तर लोक माझं अभिनंदन करायला टपलेले. छापखान्यात जुळाऱ्याने सगळ्यांसमोर मला उभं करून फिरवून दाखवलं. "दहा वर्षांनी तरुण झाले पंडित! काय करता, सांगा तरी आम्हाला!" साहेबांनी मला नव्या पोरांना आरोग्यावर दोन शब्द सांगायला बोलावलं आहे. मला नाही म्हणायला कारण सुचलं नाही, बघ. पहिल्यांदाच.

वहिनी काल बोलली. भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता. "ती हो म्हणाली असती, तर गेला असतात का तुम्ही?" मी म्हणालो, "गेलो असतो." ती म्हणाली, "मला नका सांगू. मला काय, मी विश्वास ठेवेन. सवय आहे मला."

तेव्हा चिमटी, तुला सांगतो. मी जाईन की नाही, हे मलाच माहीत नाही आणि माझ्या सांगण्याला आता किंमत नाही. ते कळायचा एकच मार्ग आहे आणि तो तुझ्या हातात आहे. मला क्षमा करू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, वाटलं तर बरी झाल्यावर पुन्हा सात वर्षं तोंड फिरव. पण एकदा हो म्हण. मी आज भ्यालेलो आहे, सत्त्याहत्तर आहे, आणि माझ्याजवळ सांगायला काहीही नाही.

फक्त फार उशीर करू नकोस. उशीर केलास तर मला एखादं खरं कारण सापडेल.

तुझा,
दादा